अज्ञान वारसाचा कारभार

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गावच्या देवस्थानच्या महाजनांची सर्वसाधारण सभा भरली होती. जमाखर्च वाचून झाला, जत्रेच्या रोषणाईचा खर्च दरवर्षीप्रमाणे वादास कारण झाला आणि दरवर्षीप्रमाणेच तो संमतही झाला. सभा उठण्याच्या बेतात असता एका तरुण महाजनाने असा ठराव मांडला की, अग्रशाळेच्या छपरावर सौर पॅनेल बसवावीत, आणि त्याकरिता देवाच्या ठेवीतून काही रक्कम काढावी. त्यावर एक वयोवृद्ध महाजन उठले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “वकीलबाब, आमच्या एका देवळाच्या पाख्यान संवसाराची गरमी उणी जातली? आनी हें काम सरकाराचें न्हय?”

प्रश्न आम्हांस विचारला होता, याचे कारण आमच्या नावापुढे कायद्याची पदवी आहे एवढेच. आम्ही “कायद्याची बाजू पाहून सांगतो” असे म्हणून खाली बसलो. वकिलाला ही सोय असते. परंतु घरी परतताना मनाला लागून राहिले ते हे की, वृद्धाने कायदा विचारलाच नव्हता. त्यांनी दोन प्रश्न विचारले होते, आणि दोन्ही नीतीचे होते. जेथे आपल्या कृतीने फळ दिसण्याजोगे नाही तेथे कर्तव्य उरते काय? आणि जे काम मोठ्यांचे आहे त्यात लहानाने हात घालावा काय? हेच दोन प्रश्न आज जगातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीपुढे व नगरपालिकेपुढे उभे आहेत. हवामान बिघडले ते साऱ्या पृथ्वीचे; आणि पालिकेच्या हाती काय, तर दिवे, गटारे, नळ आणि कचरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इंग्लिश न्यायालयाने एका क्षुल्लक भासणाऱ्या दाव्यात फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १८७३ सालच्या थॉर्प विरुद्ध ब्रमफिट या खटल्यात अडवलेल्या वाटेचा वाद होता. अडवणारे अनेक होते आणि प्रत्येकाचे म्हणणे असे की, माझ्या एकट्याने वाट अडत नाही. न्यायमूर्तींनी एकचाकी ढकलगाडीचा दृष्टांत घेतला. एकाने एक गाडी उभी केली तर कोणाचे बिघडत नाही. शंभरांनी एकेक उभी केली तर वाट बंद होते. आणि मग त्या शंभरांपैकी कोणासही “माझी तर एकच” हा बचाव घेता येत नाही. आमच्या मते धुराचा न्याय यापेक्षा वेगळा नाही. “माझा वाटा अत्यल्प” हे वाक्य खेडे बोलते तसेच शहर बोलते, आणि राष्ट्रेही परिषदांतून तेच अधिक सभ्य भाषेत बोलतात. सर्वांच्या तोंडी ते सारखेच खरे असल्यामुळे ते कोणालाच सोडवू शकत नाही.

आमच्या घरांतून श्रावणी सोमवारी वाचली जाणारी खुलभर दुधाची कहाणी वाचकांस ठाऊक आहेच. राजाने दवंडी पिटून गावातले सारे दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतविले, तरी गाभारा भरेना. आणि मुलांबाळांना, गाईवासरांना पोटभर देऊन झाल्यावर एका म्हातारीने आणलेल्या खुलभर दुधाने तो भरला. या कहाणीचा अर्थ लहानाच्या भक्तीचा महिमा असा लावतात, तो बरोबरच आहे. पण आम्हांस तीत कारभाराचीही एक गोष्ट दिसते. राजाचा हुकूम वरून सुटला आणि त्याने घरोघरची वासरे उपाशी ठेवली. म्हातारीला आपल्या घरातली तोंडे ठाऊक होती. हवामानाच्या प्रश्नात मोठी सरकारे आकडे ठरवितात आणि ते ठरविलेच पाहिजेत. परंतु कोणत्या वस्तीत दुपारी पाणी येत नाही, कोणत्या गल्लीत उन्हाने माणसे दगावतात, हे जवळ राहणारालाच कळते. २०१० च्या मे महिन्यातील उष्म्याच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेंहून अधिक मृत्यू घडल्याचे पुढे अभ्यासकांनी मोजून दाखविले. त्यानंतर २०१३ साली उष्णतेच्या लाटेशी सामना करण्याची लेखी योजना आखली ती त्या शहराच्या महानगरपालिकेने, संशोधन संस्थांच्या साहाय्याने. आणि तिचा कित्ता मग इतर शहरांनी व राज्यांनी गिरविला.

आता दुसरा प्रश्न, अधिकाराचा. मराठीत आपण हा शब्द हक्क आणि सत्ता या अर्थांनी वापरतो. पण पूर्वमीमांसकांनी त्याचा काटेकोर विचार केला होता. कर्माचा अधिकारी कोण? ज्याला त्या फळाची गरज आहे, जो ते करण्यास समर्थ आहे, ज्याला त्याचे ज्ञान आहे, आणि ज्याला शास्त्राने त्यातून वगळलेले नाही, तो. या चार कसोट्यांवर शहरे लावून पाहावीत. गरज आहे, यात वाद नाही. सामर्थ्य व ज्ञान कमीजास्त असेल. खरी अडचण असते ती शेवटच्या कसोटीची.

आपल्या राज्यघटनेत १९९२ च्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या दुरुस्त्यांनी अकरावी आणि बारावी अनुसूची आली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत, आणि त्यांत अपारंपरिक ऊर्जा हा स्वतंत्र विषय स्पष्ट लिहिलेला आहे. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत. त्यांत पर्यावरणाचे रक्षण आहे, पण ऊर्जेचे नाव नाही. तेथे वीज दोनच ठिकाणी चमकते: रस्त्यावरच्या दिव्यांत आणि विद्युतदाहिनीत! नागरिकाच्या वाटेवर उजेड पाडावा आणि अखेरीस त्याला अग्नी द्यावा, यांच्यामधल्या आयुष्यातील विजेशी शहराचा संबंध नाही, असे जणू घटनाकारांच्या वारसांना वाटले असावे. शिवाय या याद्यांतले विषय आपोआप मिळत नाहीत; राज्याच्या विधिमंडळाने ते सोपवावे लागतात.

वगळले जाणे म्हणजे काय, हे अमेरिकेतील बर्कली शहराने अनुभवले. कॅलिफोर्नियातील या शहराने जुलै २०१९ मध्ये असा नियम केला की, नव्या इमारतींत स्वयंपाकाच्या व पाणी तापविण्याच्या गॅसची नळी घालू नये. अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. उपाहारगृहवाल्यांच्या संघटनेने दावा लावला. २०२१ मध्ये खालच्या न्यायालयात शहर जिंकले. एप्रिल २०२३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरविला. उपकरणांच्या ऊर्जावापराविषयी १९७५ चा केंद्रीय कायदा असता, नळीच बंद करून उपकरण निरुपयोगी करणे शहराच्या कक्षेबाहेरचे आहे, असा त्याचा आशय. जानेवारी २०२४ मध्ये फेरसुनावणी नाकारली गेली आणि मार्चमध्ये शहराने नियम मागे घेण्याचे कबूल केले. याच्या उलट बार्सिलोना. त्या शहराने १९९९ साली नियम संमत केला की, नव्या इमारतींनी गरम पाण्याच्या गरजेपैकी साठ टक्के सूर्याच्या उष्णतेने भागवावी. तो २००० साली अमलात आला, इतर स्पॅनिश शहरांत पसरला, आणि २००६ साली स्पेनच्या राष्ट्रीय इमारत संहितेने तत्सम अट साऱ्या देशाला लावली.

बर्कलीचा पराभव म्हणजे तिचे अनधिकार सिद्ध झाले, असे कोणी म्हणेल. कायद्यापुरते ते खरे आहे आणि न्यायालयाचा निकाल मानलाच पाहिजे. पण बार्सिलोनाच्या नगरसेवकांनी तरी आधी माद्रिदकडे वाट पाहत बसावयाचे ठरविले असते, तर? लहान संस्थेचा प्रयोग फसला तर एक शहर आपला नियम मागे घेते, तेथे काही इमारतींत नळ्या पुन्हा पडतात. राष्ट्राचा प्रयोग फसला तर तो फसल्याचे मान्य करावयासही पिढी जाते. चुकण्याची आणि ती चूक दुरुस्त करण्याची ही सोय लहानांच्या वाट्याला आलेली मोठी देणगी आहे, असे आम्हांस वाटते.

पंचायतींपैकी एकीचे उदाहरण येथे द्यावयास हवे. तामिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यातील ओडंतुरै या ग्रामपंचायतीने २००६ साली सुमारे १ कोटी ५५ लाख रुपयांना ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. काही रक्कम स्वतःच्या शिलकीतून, उरलेली बँकेच्या कर्जातून. गावाला लागते त्याहून अधिक वीज होऊ लागली आणि उरलेली वीजमंडळाला विकली जाऊ लागली. अनुसूचीतल्या एका ओळीचा असा उपयोग करण्याचे धैर्य देशातील इतर किती पंचायतींनी दाखविले, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो.

परंतु येथेच तिसरा प्रश्न उपस्थित होतो. तो आमच्या सभेत कोणी उघडपणे विचारला नाही, तरी ठरावात तो होता. पैसा कोणाचा? पंचायतीने कर्ज काढले, ते फेडले गावाने. त्या फेडीत ठरावाच्या वेळी ज्यांना मत नव्हते असेही लोक आले. याचा विचार करण्यास इंदूरइतके चांगले स्थळ नाही.

इंदूरच्या मराठी वाचकांस नर्मदेच्या पाण्याची कथा सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. शहर माळव्याच्या पठारावर आणि नर्मदा विंध्याच्या पायथ्याशी. १९७० साली नागरिकांनी पाण्यासाठी मोठे आंदोलन केले आणि १९७८ मध्ये नर्मदा शहरात आली. मंडलेश्वरजवळील जलूद येथून, म्हणजे अहल्याबाईंच्या महेश्वरापासून हाकेच्या अंतरावरून, ते पाणी सुमारे सत्तर किलोमीटर वाहून आणावे लागते आणि वाटेत चारशे मीटरांहून अधिक उंच चढवावे लागते. पाणी आपण होऊन डोंगर चढत नाही; त्याला वीज चढविते. त्या विजेचे देयक महिन्याला वीस कोटी रुपयांच्या वर गेले. तेव्हा महानगरपालिकेने ठरविले की, जलूदच्या परिसरात ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारावा, आणि त्यासाठी लोकांकडूनच कर्ज घ्यावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे जनतेसाठी खुले केले, व्याज सव्वाआठ टक्के. मागणी आली ती सातशे कोटींहून अधिक रुपयांची. भारतातील नगरपालिकांच्या कर्जरोख्यांची परंपरा नवी नव्हे. अहमदाबादने १९९८ साली राज्याच्या हमीवाचून शंभर कोटी उभारले होते. परंतु हरित कामासाठी सामान्य गुंतवणूकदाराच्या दारी जाणारी महानगरपालिका इंदूरचीच पहिली.

या रोख्यांची फेड वर्षानुवर्षे, टप्प्याटप्प्याने चालावयाची आहे. आज पाळण्यात असलेली मुले शाळेत गेल्यावरही ती चालू असेल. त्या मुलांना कोणी विचारले?

हा प्रश्न हिंदू कायद्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. हनुमानप्रसाद पांडे यांच्या १८५६ सालच्या सुप्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे हाच मुद्दा होता. अज्ञान वारसाच्या वतीने इस्टेट सांभाळणाऱ्या विधवेने ती गहाण टाकली. वारस मोठा झाल्यावर त्याला ते बंधनकारक काय? न्यायाधीशांनी सांगितले की, कारभाऱ्याचा अधिकार मर्यादित आहे. इस्टेटीवर खरोखर दडपण होते काय, टाळावयाचा धोका होता काय, इस्टेटीला लाभ होणार होता काय, हे पाहावयाचे. आणि कर्ज देणाऱ्यानेही तशी प्रामाणिक चौकशी केलेली असावी. पुढे १८७५ साली हाच न्याय देवस्थानच्या शेबाइताला लावण्यात आला; कारण देव हा कायद्याच्या दृष्टीने अज्ञान बालकासारखा, त्याचा व्यवहार दुसऱ्यानेच पाहावयाचा. आणि १९१७ च्या पलनियप्पा चेट्टी यांच्या खटल्यात, तोही एका देवस्थानच्या जमिनीचाच, ‘लाभ’ म्हणजे काय याची उदाहरणे देताना न्यायाधीशांनी इस्टेट नामशेष होण्यापासून वाचविणे, विरोधी दाव्यांपासून तिचा बचाव करणे, याबरोबरच पुराच्या पाण्याने होणाऱ्या हानीपासून तिचे रक्षण करणे, हेही सांगितले. त्याच निकालात असेही आहे की, केवळ अधिक उत्पन्न मिळावे म्हणून देवाची स्थिर मालमत्ता विकून तो पैसा दुसरीकडे गुंतविण्याचा अधिकार शेबाइताला असल्याचा आधार दिसत नाही.

गोव्यातील देवस्थाने १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीखाली चालतात आणि हे निवाडे येथे जसेच्या तसे लागत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण विचार म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. प्रत्येक पालिका, प्रत्येक पंचायत, अजून न जन्मलेल्या वारसांची कारभारीण आहे. त्यांच्या नावावर कर्ज काढण्याचा तिचा अधिकार टाळावयाच्या धोक्यामुळे उत्पन्न होतो. आणि कर्ज न काढता, काहीच न करता, बिघडलेले हवामान वारसाच्या हाती देणे हेही त्याच्या नावावर काढलेले कर्जच होय. फक्त त्याचा रोखा कोठे नोंदलेला नसतो.

ही कसोटी इंदूरला लावली तर काय दिसते? दडपण खरे होते, धोका खरा आहे, लाभ संभवनीय आहे. कर्ज देणाऱ्यांपुढे कागद उघडे ठेवले होते, हेही चांगले. परंतु योजनेचे समर्थन जाहीरपणे झाले ते मुख्यतः वीजदेयकाच्या बचतीने. आमच्या एका स्नेह्याचे म्हणणे असे की, जे बचतीसाठी केले त्यात नीती कसली? आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. गृहिणी दिवा मालवते तेव्हा तिच्या मनात तेलाची काटकसर असते म्हणून तिचे काम हलके ठरत नाही. आणि ज्या पुण्यकर्माला खर्चाची तोंडमिळवणी नाही ते पुढची निवडणूक ओलांडीत नाही. तरीही एक शंका उरते. केवळ बचतच पाहणारा कारभारी, बचत संपली की थांबेल. सूर्याची वीज स्वस्त झाली म्हणून सत्तर किलोमीटर दुरून आणलेले पाणी फुटक्या नळांतून वाहू देण्यास तो कदाचित अधिकच निर्धास्त होईल. पंप रात्रंदिवस चालतात, सूर्य रात्री नसतो. म्हणून दिवसाची वीज वाहिनीत सोडून तिचा हिशेब नंतर वळता करून घ्यावा लागतो, आणि तो हिशेब वरच्यांच्या नियमांवर अवलंबून असतो. तेव्हा रोखे विकले गेले, गौरव झाला, एवढ्यावर कारभाऱ्याची जबाबदारी संपत नाही. पाणी किती उचलावे, हा प्रश्न नर्मदेच्या काठी तसाच उभा आहे.

पुराच्या पाण्याचा उल्लेख वर आला. तो वाचताना आमच्या डोळ्यांसमोर खाजने उभी राहिली. मांडवी-जुवारीच्या काठांवर खारे पाणी हटवून शेती करणाऱ्या गांवकऱ्यांना हवामानशास्त्र ठाऊक नव्हते. भरती-ओहोटी ठाऊक होती. बांध आणि मानस यांची देखभाल गांवकरी करीत असे, आणि १५२६ साली पोर्तुगीजांनी जेव्हा फोराल लिहून काढला तेव्हा त्यांनी नवे काही निर्मिले नाही, चालत आलेली वहिवाट नोंदविली. ती वहिवाट निर्दोष होती असे आम्ही म्हणणार नाही. गांवकार कोण आणि नुसता राबणारा कोण, हा भेद तीत पक्का होता, आणि मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला जे दिले ते देणे न्यायच होते. पण जमिनीबरोबर बांधाची जबाबदारी हात बदलून कुळांच्या संघांकडे आणि सरकारी खात्याकडे गेली. बांध फुटला की कोणी यावयाचे, हे पूर्वी ज्याला त्याला ठाऊक होते तसे राहिले नाही. आज समुद्राची पातळी चढत असता कित्येक खाजनांत खारे पाणी शिरून बसले आहे. तेथे नव्या कल्पनेची उणीव नाही. रात्री कंदील घेऊन बांधावर जाणारा माणूस नाही.

आमच्या सभेतील वृद्ध गृहस्थांकडे आम्ही नंतर एका संध्याकाळी गेलो आणि वरील बहुतेक भाग त्यांना ऐकविला. ढकलगाडीचा दृष्टांत त्यांना आवडला. प्रिव्ही कौन्सिलचे त्यांना कौतुक वाटले नाही. ठेवीतली रक्कम नुसत्या अधिक उत्पन्नासाठी हलवू नये, हे त्यांनी आमच्यापूर्वीच ताडले होते. म्हणून ठरावात केवळ वीजदेयकाची बचत न लिहिता, हा खर्च कशासाठी व कोणाकरिता, हे स्पष्ट लिहावे, यावर आमचे एकमत झाले. मग ते थोडा वेळ गप्प बसले. आम्हांस वाटले, वाद संपला.

“वकीलबाब,” ते म्हणाले, “हांव मेल्या उपरांत ते पत्रे कोण धुतलो?”

यंदाच्या सभेच्या सूचनेत सौर पॅनेलचा ठराव चौथ्या क्रमांकावर आहे. त्यांच्या आग्रहावरून त्याला एक पोटकलम जोडले आहे: देखभालीसाठी दरवर्षी किती रक्कम बाजूस काढावयाची, आणि पॅनेल धुण्याची पाळी महाजनांच्या कोणकोणत्या घरांकडे कोणत्या क्रमाने यावयाची. पहिल्या वर्षासाठी त्यांनी स्वतःच्या घराचे नाव घातले आहे. दुसरे आमचे आहे.